शास्त्रविचार : वृक्षाचें एकत्र कुटुंब

ऊन असह्य झालें म्हणजे मनुष्य सावलींत जातो, गुरेंही ओढा गांठतात. वृक्षाला मात्र पाऊल उचलतां येत नाहीं. मग तो कशाच्या बळावर तग धरतो? अमेरिकेंतील पॉप्लर वृक्ष याचें उत्तर देतो. सर्व वृक्षांत याचींच जनुकें, म्हणजे आनुवंशिक गुणांचीं बीजें, प्रथम समग्र वाचलीं गेलीं, तीं २००६ सालीं.

त्यावरून असें दिसलें कीं, सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वीं याच्या पूर्वजाचीं सारीं जनुकें दुप्पट झालीं; पैकीं सुमारें आठ हजार जोड्या अद्याप टिकून आहेत. एका घरांतील भावांप्रमाणें कांहींनीं जुनें काम सांभाळलें, कांहींनीं नवें पत्करलें. अशा सगोत्र जनुकांच्या समूहास जनुककुल म्हणतात. एक कुल उन्हानें विस्कटणारीं प्रथिनें सावरतें. दुसरें पाणी आटूं लागतांच इतर जनुकांस जागें करतें.

परंतु पॉप्लर फांदी रोवूनही लागतो. म्हणून लागवडींत पुष्कळदां एकाच झाडाचीं हजारों रोपें करतात. मग सर्वांचें बळ एक, तशी उणीवही एकच! उष्मा वर्षानुवर्ष वाढत असतां ही एकरूपता घातक होय. जनुककुल कितीही मोठें असो, रान टिकावयाचें तर त्यांत अनेक घराणीं नांदलीं पाहिजेत.