सुटीवर ठरलेली दिवाळी

अमेरिकेत नोकरी संपवून तिथेच स्थिरावलेल्या मराठी घरांत दिवाळी हल्ली दोनदा होते. पहिली पंचांगाप्रमाणे: पहाटेचे स्नान, देवापुढे दिवा, दाराशी कंदील, संध्याकाळी पुण्या-नागपूरला फोन, आणि घरात माणसे दोनच. दुसरी नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि नातवंडे येऊन थडकली की. फराळ पुरा होतो तो तेव्हा, पाटाभोवती रांगोळी तेव्हा, भाऊबीजही तेव्हाच. या दुसऱ्या दिवाळीबद्दल बोलताना यजमान मंडळी जरा ओशाळतात, "आमचं आपलं सोयीनं असतं हो" असे म्हणून विषय बदलतात. आणि इकडचे नातलग "तिकडे काय, जमेल तेव्हा दिवाळी" असे म्हणून त्यांना आणखी ओशाळे करतात. आमच्या मते यात ओशाळण्यासारखे काही नाही. दिवा तिथीला लागावा. पण पाहुण्यांची दिवाळी सुटी बघूनच ठरवावी, आणि एकदा ठरवली की तिला उरलीसुरली दिवाळी मानू नये.

ही मंडळी कोण, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधीच्या व्यवस्थेत भारताच्या वाट्याला वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा होता. तो गेला आणि मुंबई, पुणे, नागपुरातून डॉक्टर-इंजिनिअरांची एक अख्खी पिढी तिकडे गेली. तिने गावोगाव मंडळे काढली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे केले, आणि आज ती पंच्याहत्तरी-ऐंशीत आहे. ही माणसे परत का येत नाहीत, असे इकडे सहज विचारले जाते. नातवंडे हे एक कारण झाले. दुसरे कारण रोकडे आहे. सोशल सिक्युरिटीचे पेन्शन पुण्यात बसून घेता येते, पण पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, पुण्याच्या हॉस्पिटलचे बिल सहसा भरत नाही. गुडघे आणि हृदय यांचा हिशेब मांडला की घर तिथेच राहते. त्यातून थंडीला कंटाळून पुष्कळ जण फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाकडे सरकतात. फ्लोरिडातल्या टवॅरिस गावी तर भारतीय निवृत्तांसाठी 'शांतिनिकेतन' नावाची वसाहतच आहे. म्हणजे मुले एका राज्यात, आईवडील दुसऱ्या, मध्ये विमानाचे तिकीट. भारतातले भाऊ-बहीण येतात ते मे-जूनमध्ये, आणि थंडी पडायच्या आत, दिवाळीला आपापल्या घरी पोचायचे म्हणून, परततात. तेव्हा तिथीच्या दिवशी या घरात पाहुणा येणार कुठून?

तिथी मोडायची कशी, हा पहिला आक्षेप. तिथीचा मान राखायलाच हवा. पण ज्यांना तिथी दगडावरची रेघ वाटते त्यांनी २०२५ ची दिवाळी आठवावी. अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० ला झाले, महाराष्ट्रात २१ ला. आदल्या वर्षीही हेच: उत्तरेत ३१ ऑक्टोबर, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर. न्यूयॉर्कमध्ये २१ ऑक्टोबरच्या सकाळीच अमावास्या संपून प्रतिपदा लागली होती. म्हणजे तिथल्या ज्या घराने इकडचे कॅलेंडर भिंतीवर टांगून निष्ठेने २१ च्या संध्याकाळी पूजा मांडली, त्याने प्रतिपदेला लक्ष्मीपूजन केले. तिथी स्थळाप्रमाणे बदलते, हे पंचांगकर्ते पहिल्यापासून सांगत आले आहेत. ते आपण ऐकत नाही, इतकेच. पूजेचा मुहूर्त त्या त्या गावच्या पंचांगाने ठरवावा, हे शास्त्रालाही धरून आहे. चुलतभावंडांनी एका ताटात चिवडा कधी खावा, याविषयी मात्र कोणतेही पंचांग बोलत नाही.

आणि मुळात दिवाळीच्या दिवसांचे वेळापत्रक पाहिले तर ते जितके देवांचे तितकेच नातलगांचे आहे. लक्ष्मीपूजन आपल्या घरी, पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे, भाऊबीजेला बहीण-भावाची गाठ, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जावयाचा दिवाळसण सासुरवाडीला. कोणी कोणत्या दिवशी कुठे असावे, याची वाटणी आधीच करून ठेवलेली. ही वाटणी चालली, कारण पाऊस संपून वाटा मोकळ्या झालेल्या असत, खरिपाचे पीक हाती आलेले किंवा येऊ घातलेले असे, आणि माणसाला चार दिवस निघता येत असे. पुढे शाळा-कचेऱ्या आल्या, तशी त्यांनीही दिवाळीची सुटी दिली, आणि एसटीने जादा गाड्या सोडल्या. सवड आणि वाट दोन्ही असल्याखेरीज पाहुणा येत नाही. अमेरिकेत ही सवड ऑक्टोबरातल्या मंगळवारी नसते. ती थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सुरू होते आणि रविवारपर्यंत टिकते. त्या गुरुवारचाही इतिहास बघण्यासारखा आहे. अध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला होता. १९३९ मध्ये त्या महिन्यात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील अशी दुकानदारांची तक्रार, म्हणून अध्यक्ष रूझवेल्टने सण एक आठवडा अलीकडे ओढला. सुमारे निम्म्या राज्यांनी नवी तारीख मानली, जवळपास तितक्यांनीच जुनी, काहींनी दोन्ही दिवस सुटी दिली, आणि हा घोळ निस्तरायला १९४१ च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसला कायदा करावा लागला. दुकानदारांच्या गल्ल्यासाठी राष्ट्रीय सण हलतो, तर नातवंडांसाठी घरचा फराळ हलवायला कसली लाज?

दुसऱ्यांच्या सुटीवर आपली दिवाळी, हा उसनेपणाचा आरोप या दिवाळी अंकाच्या तोंडी तर शोभणारच नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक पाहून. दुसऱ्यांच्या सणाची रीत घेऊन आपण ती आपल्या सणाला जोडली, आणि शंभरावर वर्षे झाली तरी तिच्यावाचून मराठी माणसाची दिवाळी पुरी होत नाही. (तिकडच्या वर्गणीदारांना आमचा अंक पोचतो तोही पुष्कळदा थँक्सगिव्हिंगच्याच सुमाराला. टपालखात्यानेही आमची बाजू घेतली म्हणायची.)

आता प्रत्यक्ष घरात काय होते ते पाहू, कारण आमच्या मते खरा पुरावा तिथे आहे. तिथीला आग्रहाने सगळ्यांना बोलावले, तर जवळ राहणारी मुलेसुद्धा संध्याकाळी सहाला कामावरून निघतात, दोन तास गाडी हाणून येतात, जेवतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी साडेनऊला परत निघतात. स्वयंपाक, तळण, आवराआवर सगळे त्या दोन म्हाताऱ्या माणसांवर. आलेल्यांच्या वाट्याला फक्त ताट. चार दिवसांची सुटी असली की पाहुण्याचे हात कामाला लागतात. चकलीचेच घ्या. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने-जिरे भाजून दळलेली भाजणी फारतर कुरिअरने येते; पुढचे कुरिअरने येत नाही. मोहन जास्त पडले की चकली तेलात विरघळते, कमी पडले की दाताला दगड. पीठ किती मऊ मळायचे, सोऱ्या कितपत दाबायचा, तेलातले बुडबुडे कमी झाले म्हणजे काय समजायचे, हे आजीशेजारी उभे राहूनच कळते. आणि उभे राहायचे तेही स्वयंपाकघरात नव्हे. घरात कढई चढली की छताचा धुराचा अलार्म कोकलतो, म्हणून विजेची शेगडी गॅरेजमध्ये मांडायची, स्वेटर चढवायचा, दार अर्धे वर करायचे आणि तळायला बसायचे. तीन तासांचे हे काम मंगळवारी संध्याकाळी होत नाही. शुक्रवारी दुपारी होते. अभ्यंगस्नानाचेही तसेच. चाळीस-पन्नास गॅलनच्या टाकीतले कढत पाणी तिघा-चौघांत संपते, मग पुढच्याने थांबायचे. दहा माणसे म्हटली की पहाटेचे स्नान दहा वाजेपर्यंत चालते, आणि तोवर ज्याच्या अंगाला उटणे लागले आहे त्याने सोफ्यावर बसू नये म्हणून आजोबांना राखण करावी लागते. घाईच्या दिवशी या गोष्टी वगळल्या जातात आणि दिवाळी म्हणजे मिठाईचा डबा एवढेच उरते.

आणखी एक म्हणणे असे की थोडे थांबा, सुटी आपोआप तिथीकडे येईल. न्यूयॉर्क शहरातल्या सार्वजनिक शाळांना १ नोव्हेंबर २०२४ रोजी पहिल्यांदा दिवाळीची सुटी मिळाली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने दिवाळीला राज्याच्या सणांत जागा दिली. याचा आनंदच आहे, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली त्यांचे कौतुकही. पण ही मान्यता म्हणजे शाळेची फार तर एका दिवसाची सुटी. पेनसिल्व्हेनियात तर कचेऱ्या बंद ठेवण्याचे बंधनही नाही. आईबापांच्या ऑफिसला त्या दिवशी काम असते आणि आजोबा दोन हजार किलोमीटरवर. एका दिवसात दिवा लागतो, शेजारच्या मुलाला वर्गात दिवाळी कळते. पाहुणचार होत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप आम्हाला वाटतो तो सरमिसळीचा. टर्की आणि चकली एकाच टेबलावर आली की सहा वर्षांच्या नातवाला दिवाळी म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला एक भारतीय पदार्थ वाटू लागेल, ही भीती खोटी नाही. शिवाय त्याच गुरुवारावर व्याह्यांचाही हक्क असतो. सून किंवा जावई अमेरिकी घरातला असेल तर त्यांच्या आईसाठी तोच वर्षाचा मोठा दिवस. दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे आणि तो आपल्या जुन्या वाटणीतलाच आहे. गुरुवार व्याह्यांचा, शुक्रवार ते रविवार आपला. गुरुवारी यजमानांनी हौसेने विहिणीकडे जेवायला जावे, पंपकिन पाय खावा, आणि शुक्रवारी सकाळी आपल्या दाराशी रांगोळी घालावी. व्याही दुसऱ्या टोकाच्या राज्यात असतील तर एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आपल्याकडे. दिवस वेगळा ठेवला की मुलाच्या डोक्यातही सण वेगळा राहतो. आणि तिथीच्या दिवशी त्याच मुलाला व्हिडिओवर आजीचा दिवा दाखवून "खरी अमावास्या आज, तुझा फराळ सुटीत" एवढे सांगितले, तर ते त्याला सहज समजते. मोठ्यांनाच ते पचत नाही. भाऊबीजेबाबत मात्र आम्ही हट्ट धरणार नाही. द्वितीयेला ओवाळण्यात ज्यांचा जीव गुंतला आहे त्यांनी पडद्यापुढे का होईना, त्याच दिवशी ओवाळावे. सुटीत पुन्हा ओवाळले म्हणून भावाचे काही बिघडत नाही, फार तर ओवाळणी दोनदा द्यावी लागेल.

राहिला कष्टांचा प्रश्न, आणि तो पुढे ढकलता येणारा नाही. दहा माणसांचा पाहुणचार उचलणे सत्तरीनंतर सोपे नसते, आणि आपल्या घरांत तो बहुतेक वेळा एकट्या बाईच्या पाठीवर उचलला जातो. पाहुणे येण्याआधीच पंधरवडाभर लाडू वळून ठेवायचे, गाद्या काढायच्या, पाहुणे गेले की आठवडाभर पाय दाबत बसायचे, आणि "मुलं आली ना, मग काही वाटत नाही" असे म्हणायचे. हे वाक्य खरे मानू नये. सुटीच्या दिवाळीची बाजू आम्ही मांडतो ती याही कारणाने की तीत कामाची वाटणी करता येते. पण ती आपोआप होत नाही. येण्याआधी तयार काहीच करू नये, जे करायचे ते सगळ्यांनी मिळून करावे, आणि जे त्यात बसणार नाही ते सोडून द्यावे, असे यजमानीणबाईंनीच फोनवर सांगायला हवे. अनारसे राहिले तर राहिले. जावयाने भांडी घासली तर "असू दे, असू दे" म्हणत त्याच्या हातातून स्क्रबर ओढून घेऊ नये.

ही यजमानकीही आज ना उद्या संपणार आहे. जिने असलेले मोठे घर विकून दोन खोल्यांच्या कॉन्डोत जायची वेळ बहुतेकांवर येते, आणि मग दहा जणांना उतरवायला जागाच नसते. तिथीला बांधलेली दिवाळी असेल तर ती त्या घराबरोबर विकली जाते. सुटीवर ठरलेली दिवाळी मुलीच्या किंवा सुनेच्या घरी जाऊ शकते, कारण तिला माणसे लागतात, पत्ता लागत नाही. त्या वर्षापासून तारीख ठरवण्याचा अधिकार नव्या यजमानीणबाईंचा. तिने नोव्हेंबर सोडून नाताळचा आठवडा निवडला, तरी ज्येष्ठांनी नाक न मुरडता तिकीट काढावे आणि भाजणी सोबत न्यावी. फक्त ती चेक-इन बॅगेत घालावी, हातातल्या बॅगेतली पिठे विमानतळावरच्या तपासणीत अडकू शकतात.