आडनावाचं तिकीट

अंबरनाथ पूर्वेला उतरलं की मी शेअर रिक्षाने आनंदनगरकडे जाते. स्टेशनपासून एमआयडीसीच्या गेटपर्यंतच्या रस्त्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स कधी संपत नाहीत. रचना ठरलेली असते. सगळ्यात वर पक्षाचे मोठे नेते, त्याखाली हात जोडलेले वडील, मधोमध गॉगल घातलेला मुलगा आणि खाली पासपोर्ट साइजचे तीसेक ‘शुभेच्छुक’. मुलाच्या नावाआधी ‘युवा नेतृत्व’ लिहिलेलं असतं. या युवा नेत्याने नेमकं काय केलंय, हे फ्लेक्सवर कुठेच नसतं. त्याची गरजही नसते, कारण आडनाव मोठ्या अक्षरात असतं. तुमच्या नाक्यावरही असा एक फ्लेक्स आहेच. बघा एकदा.

गेल्या सेमिस्टरला पॉलिटिकल कम्युनिकेशनच्या पेपरसाठी माझ्या वाट्याला प्राचीन रोम आलं. खरं सांगते, आधी वैताग आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं मी काय करू? पण वाचत गेले आणि लक्षात आलं, की हे सगळं मला आधीच माहीत आहे. फक्त नावं वेगळी आहेत.

रोमने आपला शेवटचा राजा इसवी सनपूर्व ५०९ मध्ये हाकलला, असं परंपरा सांगते. त्यानंतर ‘राजा’ हा शब्द तिथे शिवीसारखाच झाला. दरवर्षी निवडणूक, दोन कॉन्सुल, मुदत फक्त एक वर्ष. म्हणजे कागदावर घराणेशाहीला जागाच नाही. प्रत्यक्षात मात्र ठरावीक घराण्यांतलीच माणसं पुन:पुन्हा कॉन्सुल व्हायची. या घरांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवलेले असायचे. घरात कोणी गेलं की अंत्ययात्रेत माणसं ते मुखवटे चढवून चालायची, म्हणजे पणजोबांपासून सगळे पदाधिकारी मिरवणुकीत हजर! आता पुन्हा आपला फ्लेक्स आठवा.

पुढे गंमत वाढते. सीझर आणि पॉम्पी हे दोघेही महत्त्वाकांक्षी. युती टिकवायची कशी? सोयरीक करून. इसवी सनपूर्व ५९ मध्ये सीझरने आपली मुलगी ज्युलिया पॉम्पीला दिली. जावई सासऱ्यापेक्षा वयाने मोठा होता, पण विचारतो कोण? ५४ मध्ये ज्युलिया बाळंतपणात गेली. दोघांना जोडणारा हा घरचा धागा तुटला आणि पाच वर्षांत सासरा-जावई एकमेकांवर सैन्य घेऊन चालून गेले. नंतर ऑक्टेव्हियनने आपली बहीण ऑक्टेव्हिया अँटनीला दिली. तेही मोडलं, पुन्हा युद्ध झालं. तिकडे लग्न म्हणजे जागावाटपाचा करारच होता. तो करार मोडला की मरायचे मात्र साधे सैनिक.

हा ऑक्टेव्हियन कोण? सीझरच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सीझरचा खून झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडच्या एफवायच्या मुलाएवढा. मृत्युपत्र उघडलं तर सीझरने त्याला दत्तक घेतलेलं. त्याने लगेच सीझर हे नाव लावलं आणि सीझरचे जुने सैनिक त्याच्यामागे आले. अँटनी त्याला टोमणा मारायचा, की पोरा, तुझ्याकडे आहे काय, तर फक्त एक नाव. टोमणा खरा होता, पण नावच पुरेसं ठरलं. एकोणिसाव्या वर्षी तो कॉन्सुल झाला. पुढे सीझरचा रक्ताचा मुलगा मानला जाणारा सीझेरियन याला त्याने मारून टाकायला लावलं. एका नावाला दोन वारस कशाला?

आपल्याला यात नवीन काय? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेही अठरा वर्षांचेच होते आणि भांडण काकांशी होतं. ‘काका मला वाचवा’ हे आपण आजही म्हणतो, बहुतेक वेळा राजकारणावर बोलतानाच. बाळासाहेब ठाकरेंचे पुतणे राज यांनी २००६ मध्ये वेगळा पक्ष काढला. २०१९ ला परळीत धनंजय आणि पंकजा मुंडे हे चुलत भाऊ-बहीण समोरासमोर आले. २०२३ ला राष्ट्रवादी फुटली ती काका-पुतण्यात. मग २०२४ ला बारामतीत लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय आणि विधानसभेला पुन्हा काका विरुद्ध पुतण्या. या बातम्या आपण कशा वाचल्या? सिरीयलसारख्या. कोण कोणाशी बोललं, दिवाळीला कोण कोणाकडे गेलं, भाऊबीज झाली की नाही. मी स्वतः तेच वाचत होते. कांद्याच्या भावावर कोणाचं काय म्हणणं आहे, हे मी शोधलंसुद्धा नाही.

माझी तक्रार सुरू होते ती इथूनच. घराणेशाहीचा पहिला तोटा हा की राजकारणाची गोष्ट एका घराची गोष्ट होऊन बसते आणि आपण मतदाराचे प्रेक्षक होतो.

आता जरा आपल्या पट्ट्यात या. उल्हासनगरमधून पप्पू कलानी १९९० पासून सलग चार वेळा आमदार झाले. २०१४ ला त्यांच्या पत्नी ज्योती कलानी आमदार झाल्या. २०१८ ला सून पंचम कलानी महापौर झाल्या. २०२४ ला मुलगा ओमी कलानी विधानसभेला उभे राहिले आणि हरले. कोणाकडून? कुमार आयलानी यांच्याकडून. आणि पंचम यांच्याआधी महापौर कोण होतं? मीना आयलानी, कुमार आयलानी यांच्या पत्नी. अंबरनाथ आणि उल्हासनगर ज्या कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, तिथून २०१४, २०१९ आणि २०२४ असं तीनदा निवडून आलेले श्रीकांत शिंदे हे एकनाथ शिंदे यांचे चिरंजीव. शेजारच्या कल्याण पूर्वेत २०२४ ला आमदार गणपत गायकवाड यांच्या जागी पत्नी सुलभा गायकवाड उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. मी कोणा एका पक्षाला बोट दाखवत नाहीये. दाखवायचं म्हटलं तर दोन हातांची बोटं पुरणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, लोकांनी मतं दिली ना? मग डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो तसा नेत्याचा मुलगा नेता झाला, तर तुझं काय जातं? प्रश्न बरोबर आहे. घरात राजकारण असेल तर पोरगं लहानपणापासून माणसं ओळखायला शिकतं, हेही खरं. आणि वारसा नेहमी वाईटच निघतो असंही नाही. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला. तेच आपले शाहू महाराज. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. नशिबाने गादी मिळाली, पण तिचं काय करायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं.

पण डॉक्टरच्या मुलालाही नीटची परीक्षा असते. शेजारच्या मुलीचा पेपर आणि त्याचा पेपर एकच असतो. राजकारणात हा पेपर कुठे आहे?

रोममध्ये तो होता. त्याला आपण पदांची शिडी म्हणू. खालच्या पायरीवरचं क्वेस्टरचं पद साधारण तिसाव्या वर्षी, मग एकेक पायरी चढत बेचाळिसाव्या वर्षी कॉन्सुल. घराणी वरचढ होतीच, पण शिडी सगळ्यांसाठी होती. आर्पिनम नावाच्या लहान गावातून आलेला सिसेरो याच शिडीने चढला. त्याच्या घरात एकही मुखवटा नव्हता, तरी तो इसवी सनपूर्व ६३ मध्ये कॉन्सुल झाला. रोमन लोक अशाला ‘नवा माणूस’ म्हणायचे, जरासं नाक मुरडूनच.

ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला तेव्हा त्याने ही शिडी मोडली नाही. त्याने हुशारी केली. सिनेट ठेवलं, कॉन्सुल ठेवले, निवडणुकाही ठेवल्या आणि आपण प्रजासत्ताक परत आणलं असं जाहीर केलं. फक्त घरच्यांना लिफ्ट लावून दिली. भाचा मार्सेलस याला वयाच्या अटीत दहा वर्षांची सूट. नातू गायसचं नाव चौदा-पंधराव्या वर्षीच भावी कॉन्सुल म्हणून जाहीर. होय, ‘भावी’! मुलगी ज्युलियाची तीन लग्नं लावली, तिन्ही वारसाच्या हिशोबाने. तिसरा नवरा टायबेरियस. त्याचं पहिल्या बायकोवर प्रेम होतं, तरी त्याला घटस्फोट घ्यायला लावला. ज्युलिया नंतर वडिलांच्या मर्जीतून उतरली, तर तिला बेटावर हद्दपार केलं. म्हणजे घराणेशाहीत घरातल्यांचंही भलं होतंच असं नाही. आतल्या बायकांचं तर नाहीच.

लोक रस्त्यावर उतरले नाहीत. कारण पाट्या तशाच होत्या, फक्त आतली माणसं एका घरातून येऊ लागली.

आपल्याकडची शिडी कुठे आहे? पहिली पायरी कॉलेज. महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजमधल्या थेट निवडणुका बंद झाल्या. त्याआधी निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या, खूनही झाला होता, त्यामुळे कारण होतं. २०१६च्या नव्या कायद्यात त्या पुन्हा घ्यायची तरतूद आली. पण तुम्ही कधी कॉलेजमध्ये सीआर सोडून कोणाला मत दिलंय? मी नाही दिलं. माझ्या आईच्या पिढीने दिलं होतं.

दुसरी पायरी नगरपालिका. अंबरनाथ आणि बदलापूरला २०१५ मध्ये निवडणूक झाली. २०२०ला मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढची निवडणूक थेट २०२५च्या डिसेंबरमध्ये. २०१५ ला मी बारा वर्षांची होते. त्या वर्षी जो सतरा वर्षांचा होता, तो सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत त्याने एकाही नगरसेवकाला मत दिलेलं नव्हतं, मग उभं राहणं तर लांबच. आता मला सांगा, इतकी वर्षं निवडणूक नसेल तर लोकांच्या तोंडी कोणाचं नाव राहील? ज्याच्याकडे फ्लेक्सला पैसे आहेत त्याचं. ज्याचे वडील आधीपासून आहेत त्याचं. नवा माणूस ओळख मिळवणार कुठून? लांबलेली निवडणूक सगळ्यांचं सारखं नुकसान करत नाही, ती घराण्यांचं काम सोपं करते.

आमच्या शेजारी एक ताई राहते. बत्तीस वर्षांची असेल. पाणी दोन दिवस आलं नाही की बायका आधी तिचं दार वाजवतात. पाण्याच्या ऑफिसात कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे तिला तोंडपाठ आहे. गल्लीतले दिवे तिच्यामुळे लागले. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, म्हणून तिने एका पक्षाकडे तिकीट मागितलं. मुलाखतीत तिला दोन प्रश्न विचारले. खर्च किती करशील? आणि घरात राजकारणात कोण आहे? तिकीट एका जुन्या पुढाऱ्याच्या घरी गेलं. ताई मला हसत म्हणाली, ‘अगं, कामाचं काय विचारायचं, ते तर सगळ्यांना माहितीये.’ ती हसली, मला मात्र हसू आलं नाही. आरक्षण बाईसाठी आलं आणि मिळालं घराला. अपवाद आहेत, घरातून येऊन उत्तम काम करणाऱ्या बायकाही आहेत. पण ताईसारख्यांना पेपरच मिळाला नाही, तर त्या पास झाल्या असत्या की नापास, हे कळणार कसं?

म्हणून मी ‘घराणेशाही हटवा’ अशी घोषणा देणार नाही. कोणाच्या मुलाने उभं राहू नये असा कायदा करता येणार नाही आणि करूही नये. माझं म्हणणं एवढंच, की शिडी परत मागूया. कॉलेजच्या निवडणुका कधी घेणार, हे आपल्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाला लेखी विचारूया. मारामारीची भीती असेल तर नियम कडक करा, पण मत बंद करू नका. पालिकेची मुदत संपली की निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी तेवढाच आवाज करूया, जेवढा लोकल लेट झाल्यावर करतो. आणि पुढच्या वेळी एखादा ‘युवा नेता’ सोसायटीत हात जोडून आला, तर त्याला वडिलांबद्दल विचारू नका. आपल्या वॉर्डात पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारा. उत्तर आलं तर आडनाव काहीही असो, मत द्या.

नाहीच आलं तर माझ्या शेजारच्या ताईला विचारा. ती पुढच्या वेळी अपक्ष उभी राहायचं म्हणतेय. फ्लेक्सला पैसे नाहीत तिच्याकडे. मी तिला म्हटलंय, पत्रकं आम्ही वाटू.