इथेनॉलच्या पैशात ऊसतोड मजुराचा वाटा किती?

दिवाळी सरली की चलथाण, बारडोली, मढी या पट्ट्यातील साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. नंदुरबार, धुळे आणि डांगकडची मजूर कुटुंबे कोयते घेऊन येतात आणि शेताच्या कडेला, रस्त्यालगत त्यांचे पडाव पडतात. हे चित्र आपल्या पिढ्यांनी पाहिले आहे. मात्र त्या उसापासून आता नुसती साखर होत नाही. आपल्या स्कूटरमधले इंधनही होते.

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना जानेवारी २००३ मध्ये गुजरात, महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरू झाली. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. परकीय चलन वाचते, कारखान्याला साखरेखेरीज दुसरे उत्पन्न मिळते, शेतकऱ्याचे बिल वेळेवर निघण्यास मदत होते. हे सर्व चांगलेच आहे. जुन्या गाड्यांचे ॲव्हरेज कमी होते, ही वाहनधारकांची तक्रारही रास्त आहे आणि तिची चर्चा भरपूर झाली आहे. चर्चा होत नाही ती कोयत्याची.

हिशेब सरळ आहे. एक टन उसाच्या रसापासून थेट सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात त्याला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे भाव होता. म्हणजे टनामागे साधारण साडेचार हजार रुपये. यातून शेतकऱ्याचा उसाचा भाव आणि कारखान्याचा खर्च भागवायचा असतो, हे मान्य. पण तोच टन तोडणाऱ्या मजुरांची किमान मजुरी गुजरातेत २३८ रुपयांवरून ४७६ झाली ती २०२३ साली, तीही मजूर संघटनांच्या लढ्यानंतर. सरकारने इथेनॉलचा भाव ठरवला, खरेदीची हमी दिली. मजुराला मात्र उचल देणाऱ्या मुकादमाच्या हवाली ठेवले.

महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तितकीच रक्कम सरकारने द्यावी, अशी त्याची रचना आहे. ती व्यवस्था महाराष्ट्रातील कारखान्यांपुरती. सीमा ओलांडून इकडे आलेल्या खानदेशी मजुराने कोणाकडे पाहावे?

आपल्यातील कित्येक घराण्यांची मुळे त्याच खानदेशात आहेत. सुरत-भुसावळ रेल्वेने आपले वाडवडील आले, इथे स्थिरावले, मतदार झाले. मजूर मात्र हंगाम संपला की परत जातो. त्याचे मत इथे नाही, म्हणून त्याचा आवाजही नाही. तो आवाज आपण द्यायला हवा.

आपल्यापैकी जे कारखान्यांचे सभासद आहेत, त्यांनी वार्षिक सभेत तीन गोष्टी मागाव्यात : प्रत्येक मजुराला वजनाची पावती, मजुरी मुकादमाऐवजी थेट त्याच्या खात्यात, आणि इथेनॉलच्या विक्रीतून पडावावरील पाणी, शौचालय व मुलांच्या शाळेसाठी ठरावीक निधी. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तर न देणाऱ्याला मत देताना दोनदा विचार करावा.