हॉकीचा उपास

क्रिकेटच्या भक्ताला आपल्या देशात सगळं काही मिळतं. आरती मिळते, प्रसाद मिळतो, जत्रा मिळते, आणि देव रुसला तर देवालाच शिव्या घालण्याची मुभा मिळते. हॉकीच्या भक्ताच्या वाट्याला येतो तो फक्त उपास. तोही साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी हाणून करायचा एकादशीचा उपास नव्हे, अगदी निर्जळी. आणि एवढं करून लोक विचारतात, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. म्हणजे ज्या व्यवहारात जमेच्या बाजूला काही पडत नाही तो करू नये, हे मला तीन वर्षं फी घेऊन शिकवण्यात आलेलं आहे. तरीही मी हॉकीचा भक्त आहे आणि त्याचा खुलासा कोणाला देणार नाही. खुलासे मलाच काही मंडळींकडून हवे आहेत.

पहिला खुलासा हवा आहे व्यवहारी मंडळींकडून. त्यासाठी २०२४ च्या ऑगस्टमधले पाच दिवस घेऊ. पॅरिसचं ऑलिंपिक. ४ तारखेला, रविवारी दुपारी दीड वाजता ब्रिटनशी उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेली त्रेचाळीस मिनिटं दहा जणांनी अकरा जणांशी खेळायचं ठरलं. तीन माणसांचं काम दोघांनी ओढायचं म्हणजे काय, हे बँकेत नोकरी करणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. पण आमच्याकडे निदान 'सर्व्हर डाउन आहे' असं म्हणता येतं. गोलात उभ्या असलेल्या श्रीजेशला तीही सोय नव्हती. हरमनप्रीतने गोल केला, त्यांनी तो फेडला, मग शेवटपर्यंत १-१. अखेर शूटआउटमध्ये आपण ४-२ ने जिंकलो. त्या दुपारी माझ्या ताटातली वांग्याची भाजी दोनदा गरम झाली आणि दोनदा गार झाली. तिसऱ्यांदा सौभाग्यवतींनी ती गरम केली नाही.

मंगळवारी रात्री साडेदहाला जर्मनीशी उपांत्य सामना. रोहिदासला एका सामन्याची बंदी. २-२ अशी बरोबरी असताना, सहाच मिनिटं उरलेली असताना, जर्मनीने तिसरा गोल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीककर्जाच्या रांगेतल्या एका शेतकरी दादांनी माझं तोंड पाहिलं आणि रांग सोडून पुढे आले.

"काय झालं साहेब? घरी समदे बरे हायेत ना?"

"हरलो दादा."

"कोर्टाची तारीख होती का?"

"नाही हो. हॉकी. जर्मनीनं हरवलं."

"मंग त्याच्यासाठी तोंड काहून उतरलं? थे जर्मनीवाले काय तुमचे भाऊबंद हायेत?"

आमच्या भागात माणूस हरतो तो भाऊबंदांशी आणि कोर्टात. बाकीच्या हरण्याला कोणी हरणं म्हणत नाही. रांगेत हशा पिकला. मीही हसलो, पण मुद्दा सोडला नाही. हेच दादा दरसाल आभाळाच्या भरवशावर सोयाबीन पेरतात, भाव पडला की कपाळाला हात लावतात आणि पुढच्या मृगात पुन्हा पेरतात. शेगावची पालखी महिनाभर चालत पंढरपूर गाठते. त्या वारकऱ्याला कोणी विचारतं का, की बाबा, विठोबानं गेल्या वर्षी तुझा पगार किती वाढवला? मग प्रश्न फक्त मलाच का?

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला कांस्यपदकासाठी स्पेनशी गाठ. साडेपाच ही बँकेत कॅश जुळवायची वेळ. पहिला गोल स्पेनचा. मग हरमनप्रीतने पाठोपाठ दोन केले, २-१. श्रीजेशचा हा शेवटचा सामना. शेवटच्या मिनिटांत माझ्या एका डोळ्यासमोर मोबाइल होता आणि दुसऱ्यासमोर नोटांची चळत. पदक मिळालं. कॅशही रुपयापर्यंत जुळली, हे माझ्या वरिष्ठांच्या माहितीसाठी इथे नमूद करतो. १९६८ आणि १९७२ नंतर लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये आपल्याला हॉकीचं पदक मिळालं ते थेट या खेपेला. आता या पाच दिवसांची जमा कुठे लिहायची, ते व्यवहारी मंडळींनी मला सांगावं.

दुसरा खुलासा विवेकी मंडळींकडून. तिन्ही सामने मी एकाच शर्टात पाहिले, म्हणून ही मंडळी मला अंधश्रद्ध म्हणतात. (जर्मनीशी हरलो त्या दिवशी तो शर्ट धुतलेला होता, ही बाब ते सोयीस्करपणे विसरतात.) या लोकांनी जरा १९७५ आठवावं. क्वालालंपूरचा विश्वचषक, उपांत्य सामना, मलेशिया २-१ ने पुढे, मिनिटं थोडीच शिल्लक. अस्लम शेरखानला बदली म्हणून आत पाठवलं. त्याने गळ्यातल्या ताईताचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर चेंडू जाळीत धाडला. जादा वेळेत हरचरणसिंगने सामना जिंकून दिला, आणि १५ मार्चला पाकिस्तानला २-१ असं हरवून आपण विश्वचषक उचलला. आपला तो एकुलता एक. आमच्या वडिलांच्या पिढीने तो जसदेवसिंगांच्या आवाजात, रेडिओला कान लावून जिंकला. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करतात. घटातली धान्यं पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरहून माणसं येतात. भाकीत चुकलं तरी पुढच्या वर्षी येतात. त्या मानाने माझा शर्ट कोणाचंच नुकसान करत नाही.

तिसरा आणि खरा खुलासा हवा आहे तो पदकाच्या दिवशी उगवणाऱ्या मंडळींकडून. त्या गुरुवारी रात्री माझ्या मोबाइलवर 'आपला राष्ट्रीय खेळ' असे शब्द असलेले इतके निरोप आले की मोबाइल तापला. वास्तविक हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ नाहीच. धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा केंद्राच्या क्रीडा खात्याने कोणताच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं लेखी कळवलं. म्हणजे शाळेत आपण सर्वांनी एका मार्काला लिहिलेलं उत्तर चूक होतं. त्या एका मार्कापलीकडे यातल्या किती जणांनी हॉकीसाठी काय केलं?

उपासाचे दिवस कोणी मोजले? लोणारचं सरोवर एका उल्केच्या आघातानं झालं. आपल्या हॉकीवर तशी उल्का १९७६ साली माँट्रियलला पडली. रंगाने हिरवी, म्हणजे कृत्रिम गवत. १९२८ पासून एकाही ऑलिंपिकमधून पदकाशिवाय न परतलेला आपला संघ तिथे सातवा आला. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण १९८२ ला दिल्लीत, आपल्याच अंगणात, पाकिस्तानने ७-१ ने धुतलं. १९८६ च्या विश्वचषकात शेवटचा नंबर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर प्रवेशच मिळाला नाही आणि २०१२ ला लंडनमध्ये पुन्हा शेवटचा नंबर. २०२१ ला टोकियोत कांस्य मिळालं तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती. या सगळ्या वर्षांत 'राष्ट्रीय खेळ'वाले कुठे होते?

त्याहून कडू गोष्ट पुढे आहे. पदकानंतर मी तालुक्याच्या बाजारात भाच्यासाठी हॉकी स्टिक घ्यायला गेलो. दुकानात क्रिकेटच्या बॅटींची मोळी होती, कॅरम होता, कुलूपबंद कपाटात चषकही होते. स्टिक म्हणताच दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "भांडण कोनाशी हाय साहेब?" त्याचं काही चुकलं नाही. आमच्याकडच्या वर्तमानपत्रात हॉकी स्टिक येते ती गुन्ह्यांच्या पानावर. 'लाठ्या, गज व हॉकी स्टिकने मारहाण' हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. ज्या तालुक्यात स्टिकचा चेंडूपेक्षा डोक्याशी जास्त संबंध, त्या तालुक्यानं सुवर्णपदकाची मागणी करायची?

ओडिशाचं पाहा. त्या राज्याने २०१८ पासून राष्ट्रीय संघाचं प्रायोजकत्व पत्करलं. रोहिदास ज्या सुंदरगड जिल्ह्यातला, तिथे गावोगाव सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस मिळतो बोकड. आमच्याकडे बोकड नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. पण ते नवसाला कापतात. आपल्या महाराष्ट्राने धनराज पिल्ले दिला, चार ऑलिंपिक खेळलेला, खडकीचा. खडकीत पोरांच्या हाती स्टिक होती म्हणून तो झाला, एका मार्काच्या उत्तराने नव्हे.

बँकेत पिग्मी नावाचा प्रकार असतो. एजंट रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरतो, कोणी दहा रुपये देतं, कोणी वीस. त्या रकमेकडे पाहून कोणाचं ऊर भरून येत नाही. वर्षाखेरीस मात्र त्यातून मुलीची फी निघते. हॉकीच्या भक्ताचं तसंच आहे. हरलेल्या सामन्याला जागणं, भाच्याला स्टिक आणून देणं, हे त्याचे रोजचे दहा रुपये. बाकीचे सगळे खातं न उघडताच पदकाच्या दिवशी पैसे काढायला काउंटरवर येतात.

तेव्हा पुढच्या ऑलिंपिकला मला अभिनंदनाचा फोन करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: फोन करण्यापूर्वी एका हॉकी स्टिकची पावती हाताशी ठेवा. आणि ती स्टिक भाऊबंदांसाठी घेतलेली नसावी.