वर्षफळ आणि धावफलक

ज्योतिषाशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले म्हणून दोन्हीकडची मंडळी आनंदानं जेवत असतील, तर मी तिसऱ्यांदा जिलबी मागणारा माणूस आहे. माझं भांडण आहे ते एकाच प्रकाराशी, आणि तो म्हणजे खेळाडूचं वर्षफळ. एखाद्यानं शतक ठोकलं, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याची वर्षकुंडली मांडून बसतो आणि चेंडू बॅटला नव्हे, दशमस्थानाला लागून सीमापार गेला असं सिद्ध करतो.

वर्षफळ म्हणजे काय, तेही सांगतो. जन्माच्या वेळी रवी ज्या राशीत, ज्या अंश-कला-विकलेवर होता, तिथे तो दर वर्षी परत येतो. त्या क्षणाची कुंडली मांडायची आणि तिच्यावरून पुढच्या बारा महिन्यांचा हिशेब सांगायचा. या पद्धतीला ताजिक म्हणतात. नीलकंठ दैवज्ञांचा यावरचा ग्रंथ १५८७ सालचा, म्हणजे अकबराच्या काळातला. यातले इत्थशाल, इशराफ, सहम हे शब्द अरबीतून आलेले. ‘आपलं सनातन शास्त्र’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ती थोडी बेतानं फुगवावी, एवढंच माझं म्हणणं.

आता उदाहरण घेऊ. खेळाडूही असा घेऊ की ज्याच्याबद्दल मराठी घरात दुमत नाही. सचिन तेंडुलकर, जन्म २४ एप्रिल १९७३, मुंबई. १९९८ साली शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं २२ एप्रिलला १४३ धावा केल्या आणि २४ एप्रिलला, ऐन पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. दोन्ही वेळा चेंडू खेळला १३१. माणूस तोच, मैदान तेच, समोरचे गोलंदाजही तेच. पण वर्षफळवाल्यांची केवढी पंचाईत! पहिलं शतक जुन्या वर्षकुंडलीत जमा, दुसरं नव्या. आमच्या बँकेत ३१ मार्चच्या रात्री जे होतं, तेच इथे ग्रहांचं झालं.

बरं, नवं वर्ष नेमकं लागलं कधी? सायन पद्धतीचं वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. निरयन पद्धतीचं ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचं. दर वर्षी वीस मिनिटांचा फरक, म्हणजे पंचवीस वर्षांत साडेआठ तास. लग्न बदलतं साधारण दर दोन तासांनी. म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच वाढदिवसाच्या दोन कुंडल्या, आणि त्यांची लग्नं चार-चार घरं लांब! त्यात जुन्या सूर्यसिद्धान्ताचं वर्षमान घेतलं तर आणखी तासा-दीडतासाची भर. जन्मवेळ दुपारी अडीचनंतरची धरली, तर निरयन वर्षप्रवेश २५ तारखेवर जातो आणि अंतिम सामन्याचं शतकही जुन्याच वर्षाच्या खात्यात पडतं. शिवाय कुंडली जन्मगावची मांडायची की मुक्कामाची, यावर ज्योतिष्यांतच वाद. मुक्कामाची म्हटलं, तर मुंबईहून शारजाला गेल्यावर लग्न सतरा-अठरा अंशांनी सरकतं. बारा महिने बॅगा भरून फिरणाऱ्या खेळाडूनं विमानाची तिकिटं आधी ज्योतिषाला दाखवून काढावीत की काय?

हे मी आमच्या शेजारच्या अण्णांना विचारलं. अण्णा निवृत्त आहेत, पंचांग तोंडपाठ आहे. ते शांतपणे म्हणाले, “अहो, जी कुंडली घटनेशी जुळते ती बरोबर.”

वाचकहो, या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं! आम्ही बँकेत असं केलं तर त्याला मागच्या तारखेचं व्हाउचर म्हणतात आणि चौकशी लागते. आधी रक्कम बघायची, मग ती जुळेल अशी नोंद करायची! २००४ मध्ये सचिनचा कोपर दुखावला, त्याला शनी. २००५ च्या मेमध्ये शस्त्रक्रिया झाली, त्याला मंगळ. तो पुन्हा उभा राहिला, त्याला गुरू. रोज उठून हाताचा व्यायाम कोणी केला, हे मात्र कुठल्याच स्थानात दिसत नाही.

आणि ते महाशतकाचं वर्ष घ्या. नव्व्याण्णवावं शतक १२ मार्च २०११ ला नागपुरात झालं. शंभरावं १६ मार्च २०१२ ला, मीरपूरला. मधल्या काळात ओव्हलवर ९१ वर पायचीत आणि वानखेडेवर ९४ वर झेल. मुन्था, वर्षेश, सहमं, सगळी फौज तीच. मग मंगळाला एकदा नऊ आणि एकदा सहा धावा कमी पडल्या म्हणायचं का? शेवटी शंभरावं झालं आणि तो सामना भारत हरला. आता एकाची कुंडली बघून भागेल कसं? बावीस पत्रिका मांडा. पंचांच्याही मांडा, कारण बोट त्यांचं वर जातं.

जन्मवेळ आणि खेळ यांचा संबंध कोणी तपासलाच नाही, असंही नाही. मिशेल गोक्लँ या फ्रेंच गृहस्थानं दावा केला होता, की नामांकित खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ उगवतीला किंवा माथ्यावर असण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळतं. सतरा टक्के अपेक्षित, तर बावीस टक्के. फ्रान्समधल्याच एका समितीनं पुढे हजाराहून अधिक खेळाडू घेऊन ताडून पाहिलं. १९९६ च्या अहवालात मंगळाचा तो प्रभाव सापडला नाही. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी २००८ च्या सुमारास हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांकडे पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली, सरासरी यश शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तर शेकडा ५० मिळाले असते, आणि नाणं दक्षिणाही मागत नाही.

मौज अशी, की जन्मतारखेचा खेळावर खरंच परिणाम होतो. कॅनडात आइस हॉकीच्या अव्वल खेळाडूंत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले फार, हे १९८५ साली दिसून आलं. कारण वयोगट १ जानेवारीला मोजतात. जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं, अंगानं थोराड. म्हणून ते निवडलं जातं, जास्त सराव मिळतो आणि पुढे जातं. दोष रवीचा नव्हे, नियमपुस्तकाचा. नियमपुस्तक मात्र दुरुस्त करता येतं!

एवढं त्रागा करून लिहिण्याचं कारण सचिन नाही. त्याच्या धावा धावफलकावर लागल्या आहेत. कोणी मागाहून त्या शुक्राच्या नावे टाकल्या, तरी पुसल्या जाणार नाहीत. आमच्या वसाहतीत एक सतरा वर्षांची मुलगी आठशे मीटर धावते. पहाटे साडेपाचला आम्ही कूस बदलतो तेव्हा तिचे बूट जिन्यात वाजतात. निवड चाचणीच्या आधी तिच्या आजोबांनी वर्षफळ काढून आणलं. मुन्था आठव्या स्थानी, दुखापतीचा योग, यंदा पळू नये. आईनं स्पाइक्स माळ्यावर टाकले. “पुढच्या वर्षी बघू गं, बाळा,” म्हणाली. चाचणी झाली, मुलगी गेली नाही. अर्थात तिला दुखापतही झाली नाही, त्यामुळे वर्षफळ खरं ठरलं!

हा धंदा असा आहे, की पळालीस आणि पडलीस तरी तो बरोबर, घरी बसलीस तरी बरोबर. चुकण्याची सोयच ठेवलेली नाही. रवी त्याच अंशावर पुढच्या वर्षी परत येईल, त्याच्या पुढच्या वर्षीही येईल. त्याला काय, त्याची नोकरी कायम आहे. मुलीचं सतरावं वर्ष मात्र परत येणार नाही, आणि धावणाऱ्याला अशी वर्षं मिळतात ती बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा आजोबांना एकच विनंती आहे. वर्षफळ खुशाल काढा, पण आपलं स्वतःचं काढा, आणि माळ्यावर चढवणार असाल तर पंचांग चढवा. शिडी मी धरतो.