सात दिवसांत व्हिएतनाम 'कव्हर' करणाऱ्यांनो...

परवा आमच्या ग्रुपवर एक एक्सेल शीट येऊन पडली. नाव 'व्हिएतनाम फायनल व्ही फोर'. सहा रात्री, सात दिवस. हनोई, हालाँग बे, दा नांग, तो दोन हातांवरचा पूल, होई आन, सायगाव, कू चीचे बोगदे. शेवटच्या कॉलमचं नाव 'कव्हर्ड', त्यात टिक करायची. हापिसात टेस्ट केसेस अगदी अश्याच भरतो आपण. पाच दिवस तेच करून पोट भरत नाही का रे तुमचं?

माझं भांडण या 'कव्हर' शब्दाशी आहे.

जरा नकाशा उघडा राव. हनोई ते सायगाव रेल्वेचं अंतर १,७२६ किलोमीटर. मुंबई-दिल्लीपेक्षा तीनेकशे किलोमीटर जास्तच. उद्या कोणी गोरा येऊन म्हणाला की मी आठवड्यात मुंबई, वेरूळ, ताजमहाल आणि सिमला बघणार, तर आपण चहाच्या टपरीवर त्याची यथेच्छ टर उडवू. आणि स्वतः मात्र हनोईहून अडीच तास बसने हालाँगला जाणार, होडीत जेवणार, परत अडीच तास बस, आणि टिक!

बरं, जायचं कधी, तर दिवाळीच्या सुट्टीत. कारण तेव्हा रजा मिळते. कोणीतरी 'व्हिएतनाम वेदर नोव्हेंबर' असं शोधलं आणि 'प्लेझंट' असं उत्तर आलं. हनोईत असेलही. पण हा लांबलचक देश, त्याला एकच हवा कशी असेल? दक्षिणेतला पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. मध्यभागी, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आन या पट्ट्यात, सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे दिवाळी संपून आठवडा होत होता तेव्हा, होई आनच्या त्या कंदीलवाल्या गल्ल्यांतून होड्या चालत होत्या. कंदील कव्हर्ड!

आता तो पूल. बा ना हिल्सवरचा. दोन अजस्र दगडी हातांनी पूल तोलून धरलाय असं फोटोत दिसतं. ते हात दगडाचे नाहीत, फायबरग्लासचे आहेत, आणि पूल २०१८ सालचा. तिकीट महाग, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. जावं ज्याला जायचं त्याने, माझी ना नाही. पण त्याच दा नांगहून दीड-दोन तासांवर मी सोन आहे, आणि आमच्या शीटमध्ये त्याला एकही ओळ नाही, याचा मला संताप येतो. चौथ्या शतकापासून चाम राजांनी तिथे शिवमंदिरं बांधली. विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही, त्या कश्या चिकटवल्या यावर अभ्यासक अजून वाद घालतायत. १९६९ साली अमेरिकन बाँबफेकीत तिथला सगळ्यात मोठा मनोरा कोसळला. २०१७ ते २०२२ आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे जतनाचं काम केलं, आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं. (आणि हो, तिथे जाऊन 'हे सगळं आपलंच होतं' असं सांगत फिरू नका. चाम लोक होते, आजही आहेत, ते त्यांचं आहे.)

जेवणाचं तर विचारूच नका. शीटमध्ये रोज रात्री 'इंडियन डिनर'. शिवाय ठेपल्यांची वेगळी बॅग. अरे, तिकडे 'कॉम चाय' अशी पाटी दिसली की ती चहाची टपरी नसते, शाकाहारी भात मिळतो तिथे! पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास बरीच बौद्ध मंडळी शाकाहारीच जेवतात. एकादशी पाळणाऱ्यांच्या पोरांना हे कळायला इतकं जड का जावं? एरवीच्या हॉटेलात मात्र माशाचं पाणी कशातही असतं, तेवढं विचारून घ्या.

एवढा चिडायचं खरं कारण सांगतो. या ट्रिपला आई-बाबा आहेत. दोघांचे पासपोर्ट कोरे. सायगाव पडलं, ३० एप्रिल १९७५, तेव्हा बाबा सातवीत होते. गावच्या वाचनालयात म्हातारे मंडळींना ते पेपर वाचून दाखवायचे. त्यातली नावं त्यांना अजून तोंडपाठ आहेत. रणगाडा ज्या फाटकातून आत घुसला तो राजवाडा आणि युद्धाचं संग्रहालय, एवढंच त्यांनी मागितलं. शीटमध्ये दोन्ही मिळून पन्नास मिनिटं! आणि कू चीच्या बोगद्यात रांगायला अर्धा दिवस. बाबांना गुडघ्यामुळे पाटावर बसता येत नाही.

मी शीटमधून आमची तीन नावं काढली. वहिनी रुसलीये, मित्र म्हणतो हालाँग नाही तर व्हिएतनाम कसलं. नसू दे. आम्ही मार्चमध्ये जातोय, मध्य आणि दक्षिण दोन्हीकडे कोरडं असतं, आणि टेटची, म्हणजे त्यांच्या नववर्षाची, सुट्टीही उरकलेली असते. दा नांगला तीन रात्री, सायगावला तीन. एक दिवस ह्युएला जाऊन रेल्वेने परत, हाय व्हान घाटाच्या पायथ्याने समुद्र बघत. ई-व्हिसा सरकारी साइटवर २५ डॉलरला मिळतो, तो मीच भरणार. तिकिटं मुंबईहून थेट.

अडचण एकच. मार्चअखेर आमचं रिलीज आहे. रजेचा अर्ज शुक्रवारी टाकलाय, मॅनेजरने अजून उघडलेला नाही. बाबांनी मात्र वाचनालयातून व्हिएतनामवरची दोन पुस्तकं आणलीयेत, आणि संग्रहालय सकाळी किती वाजता उघडतं हे रोज विचारतायत.