थोरले पाळक, धाकटे पाळक

आमच्या मंडळीत दोन पाळक. उपदेश थोरल्या पाळकसाहेबांकडे. घरभेटी, आजारी माणसं, तरुण संघ धाकट्यांकडे. नाताळचा उपदेश धाकट्यांनी केला आणि बायकांत कुजबुज सुरू झाली, 'हेच बरे बोलतात हो!' त्यात मीही होते. घरी जावाजावांत कुणी अशी तुलना केली, तर आपल्याला किती झोंबतं!

पंडिता रमाबाईंनी शारदा सदनची शाळा लेक मनोरमाकडे सोपवली. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला शाळा काढली, तीही तिच्याच मदतीने. त्याने रमाबाई लहान झाल्या का?

म्हणून म्हणते, कमिटीने कामाची वाटणी लिहून द्यावी, महिन्यातून एक रविवार उपदेश धाकट्यांकडे द्यावा. आणि एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या कानी घालणं आपण सोडावं. एवढं तर आपल्याच हाती आहे ना, मैत्रिणींनो?